मिटल्या डोळ्यांची भिंत

पांढरमिसे मास्तरांनी ज्याच्याकडून शब्द घेतला, तो माणूस पुढची अमावास्या बघत नाही, अशी बाळीवेशीच्या अंगाच्या पेठेत बरीच वर्षं कुजबुज होती. कुजबुज म्हणायची आपली एक पद्धत. चहावाला गुंडा ती प्रत्येक कपाबरोबर वाढायचा. "आपन कुनाचं वाईट बोलत न्हाय," अशी सुरुवात करायचा, म्हणजे ऐकणाऱ्यानं ओळखावं की आता कुणाचं तरी वाईट येणार. "पन मास्तर शब्द मागायला आला की समजायचं. शब्द सुटला की श्वास सुटला."

आता हे मास्तर कोण, तर नंदकुमार पांढरमिसे, शाळेतले ड्रॉइंगचे सर, निवृत्त. आडनाव पांढरमिसे आणि मिशा दर रविवारी रंगवून काळ्याभोर, यावरून पोरांनी त्यांना आयुष्यभर छळलं. वर्गात फळ्यावर कुणीतरी मिशांचं चित्र काढून ठेवायचं. मास्तर ते पुसायचे नाहीत, त्यातली चूक दुरुस्त करायचे. "डावी मिशी वर आहे रे माझी, नीट बघ," म्हणायचे. असा माणूस. मुंगीवर पाय पडला तर मागं वळून बघणारा. आणि पेठेतली म्हातारी माणसं त्याला बघून दार लावून घ्यायची.

सुरुवात झाली ती एका साध्या गोष्टीतून. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सकाळी पेपरात बातमी : अमुक इसम रक्ताच्या थारोळ्यात आढळला. मास्तर वाचता वाचता थांबले. थारोळं म्हणजे काय? रक्त सोडून आणखी कशाचं थारोळं असतं का? शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर मराठीच्या बाई म्हणाल्या, "सर, सकाळी सकाळी काय हे!" घरी आले आणि बायकोला विचारलं.

शकुंतलाबाई त्यांच्या पत्नी. माहेर केम गावचं, शेतकऱ्याची लेक. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात काढलेली, आणि निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून पेठेतल्या अंथरुणावरच्या माणसांना इंजेक्शन दे, पाठीच्या जखमा धू, असं करत फिरणारी. जिभेला धार. कांदा चिरतानाच त्या म्हणाल्या, "मला काय इचारता? मायाप्पाकडं जावा. सांगोल्याकडचा म्हातारा हाय, मोट हाकलेला. जाताय तर आजच जावा."

मास्तर गेले. मायाप्पा खाटेवर पडून होता. थारोळं म्हटल्याबरोबर त्याचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तो बोलायला लागला. बैल धावेच्या उतारानं खाली जातात, मोट वर येते, आणि पाणी धपकन पडतं ते जिथं पडतं ते थारोळं. तिथनं पाट, पाटातनं वाफा. "रगात कुठलं, मास्तर? पानी! आमी त्यात नाचायचो." मास्तरांनी कागद काढला, त्याचा तो चेहरा पेन्सिलीनं उतरवून घेतला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं : थारोळं. त्याखाली अर्थ.

हे त्यांना इतकं आवडलं की तीच रीत झाली. जुना शब्द आठवताना माणूस डोळे मिटतो. तोच क्षण मास्तर पकडायचे. शब्द ज्याचा, त्याचाच चेहरा, डोळे मिटलेले. माडीवरच्या खोलीत एका भिंतीला ती चित्रं ओळीनं लागू लागली.

मायाप्पा पुढच्याच आठवड्यात गेला. घरात त्याचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा एक, ज्यात कुठलाही सज्जन माणूस पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. मुलगा मास्तरांकडं आला, चित्र मागून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर मायाप्पा, हार घातलेला, डोळे मिटलेला. बघणाऱ्याला वाटावं, मास्तरांनी मेल्यावरच काढलंय.

आणि मग हे होतच गेलं.

फ्लेक्स छापणारा बसू मास्तरांचाच विद्यार्थी. ते दुकानावरून जाताना दिसले की तो आतूनच ओरडायचा, "सर, नवीन कोण?"

"अरे, कुणी नाही. शब्द घ्यायला गेलो होतो."

"तेच इचारतोय की सर. कापड कापून ठेवतो!"

दुकानात हशा व्हायचा. मास्तरही हसायचे. पण घरी येऊन मिशा पुसता पुसता ते माडीवर जायचे, आणि भिंतीकडं बघत उभे राहायचे. एवढे चेहरे, आणि एकही त्यांच्याकडं बघत नसायचा.

शब्द कुणाकडं मिळेल हे त्यांना कळायचं कसं? तर त्यात त्यांचं काही कसब नव्हतं. सकाळी चहा देता देता शकुंतलाबाईच सांगायच्या. "आज गुरुसिद्धप्पांकडं जाऊन या." किंवा, "त्या कोष्ट्याच्या आजीकडं मागाचे लई शब्द हायत म्हनं, तेलुगूतले. उद्यावर टाकू नका." मास्तर कधी का म्हणून विचारायचे नाहीत. बायको दारोदार जाते, तिला माहीत असणारच, एवढाच त्यांचा हिशेब. छत्री घ्यायचे आणि निघायचे.

गुरुसिद्धप्पा अक्कलकोटच्या पलीकडचे, कानडी बोलणारे, मराठी बोलले तरी त्यात कानडीचा झोका. ते भिंतीला टेकून बसले होते. "तुमच्यात तिन्हीसांज म्हणतात. आमच्यात मुस्संजे. तीन सांजा. पण तीन कुठल्या, सांगा बघू मास्तर?"

मास्तरांनी कागद गुडघ्यावर घेतला.

गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटले. "आमची अव्वा म्हणायची. एक गेलेल्या दिवसाची. एक येणाऱ्या रात्रीची. तिसरी हाय की, ती कुनाला दिसत नाही. जेला दिसती, तो सांगायला नसतो."

मास्तरांची पेन्सिल कागदावर एकदा अडली. गुरुसिद्धप्पांनी डोळे उघडून हसून विचारलं, "भ्याला काय?"

"छे, छे."

"मग काढा की लवकर. मला पडायचंय."

दहा-बारा दिवसांनी बसूच्या दुकानासमोर त्यांचा फ्लेक्स वाळत होता. रस्त्यानं जाणारे आधी फ्लेक्सकडं बघत, मग मास्तरांच्या घराकडं.

त्यानंतर पेठेचं वागणं बदललं. देवळाच्या कट्ट्यावर बसणारी म्हातारी मंडळी एरवी काय रंगून बोलायची! मास्तर लांबून दिसले की सगळ्यांची भाषा एकदम टीव्हीवरच्यासारखी व्हायची. जुना शब्द चुकून तोंडातून पडायला नको. ज्या माणसानं जन्मात इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलं नाही तो म्हणायचा, "गुड मॉर्निंग सर, हवा फाइन हाय." एकजण तर तोंडावर उपरणंच धरायचा. मास्तर बसले की दोघं उठायचे, आणि उठलेल्यांच्या जागी कुणी बसायचं नाही. उन्हाळा पेटलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मास्तर छत्री घेऊन चाललेत. एका मागून एक खिडकी लागते. फक्त कडीचा आवाज.

गंमत म्हणून ऐकायला बरं वाटतं. ज्याच्या मागं ते आवाज चालत येतात त्यानं काय करावं?

मास्तरांच्या मनात भीती शिरली ती आधी बारीक होती. वाढली ती एका गोष्टीपाशी. कारण एक शब्द असा होता जो त्यांना सगळ्यांत आधी हवा होता आणि अजून मिळाला नव्हता. तो शकुंतलाबाईंचा.

शब्द घ्यायच्या पहिल्या वर्षीच मास्तर लाडात येऊन म्हणाले होते, "शकू, तुझ्या केमचा एखादा शब्द दे की. तुझं चित्र काढतो."

"एक हाय माझ्याकडं," त्या म्हणाल्या होत्या. "पन आत्ता न्हाय."

"मग कधी?"

"शेवटी. घाई हाय का तुम्हाला?"

तेव्हापासून दर दिवाळीला ते विचारायचे आणि दर दिवाळीला त्या म्हणायच्या, "मुरू द्या, लोणचं हाय ते." भिंतीवर मधोमध एका चित्रापुरती जागा मास्तरांनी मोकळी ठेवली होती. आता त्या मोकळ्या जागेकडं बघवेना. ती रिकामी आहे तोवर शकू आहे, असं त्यांच्या डोक्यात बसलं. शिकलासवरला माणूस, पण डोक्यात बसलेलं उठत नाही. एका दिवाळीला त्यांनी विचारलंच नाही. शकुंतलाबाईंनी अनारशांचं ताट पुढं ठेवलं आणि वाट बघितली. मग म्हणाल्या, "यंदा लोणचं नको वाटतं?"

"असू दे. तुझ्याकडंच असू दे."

त्यांनी एक अनारसा उचलून त्यांच्या हातात दिला.

मग वच्छलाआत्यांचं झालं. आत्या म्हणजे पेठेतली सगळ्यांत तोंडाळ म्हातारी, जात्यावरच्या ओव्यांचं कोठार. शकुंतलाबाईंनी सकाळी सांगितलं, "वच्छलाआत्यांकडं जावा." मास्तर म्हणाले, "नको." त्या म्हणाल्या, "जावा म्हनते ना. वाट बघतायत त्या." मास्तर गेले. दार आत्यांच्या सुनेनं, चेतनानं, बोटभर उघडलं.

"सर, आमच्या आत्या ठणठणीत आहेत."

"अगं, असू देत की. मी नुसता बसायला..."

"नको सर. हात जोडते. मुलांच्या परीक्षा आहेत."

आतून वच्छलाआत्यांचा आवाज आला, "कोन हाय गं? शब्दवाला का? येऊ दे की त्याला! माझ्याकडं असा एक शब्द हाय, त्याच्या मिशा पांढऱ्या व्हतील!"

"आत्या, गप्प बसा!"

"आगं मेले, मला तेवढंच तर..."

दार लागलं. आतली बाचाबाची मास्तरांना जिना उतरेपर्यंत ऐकू येत होती. आत्यांनी शब्द दिला नाही, मास्तरांनी घेतला नाही, चित्र काढलं नाही. आणि आत्या पाचव्या दिवशी गेल्या.

आता कुणाला वाटेल, इथं तरी पेठेचे डोळे उघडावेत. गुंडानं चहा गाळता गाळता निकाल दिला, "उंबऱ्यापत्तूर आला व्हता न्हवं? बास की!"

त्या दिवसापासून मास्तर घराबाहेर पडेनासे झाले. माडीला कुलूप घातलं. पेन्सिली एका डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला. सकाळी शकुंतलाबाईंनी कुणाचं नाव घेतलं की ते मान हलवायचे. मिशांना रंग लावणंही राहून गेलं, आणि बघता बघता माणूस आपल्या आडनावाला जागला. शकुंतलाबाई म्हणाल्या, "वच्छलाआत्या दाराआडनंच घेऊन गेल्या की तुमच्या मिशांचा रंग." मास्तर हसले नाहीत.

माघ लागला तेव्हा शकुंतलाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. दोनदा मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या, एकट्याच. मास्तर चप्पल घालून तयार व्हायचे, तर त्या म्हणायच्या, "तिथं काय चित्रं काढायची हायत तुम्हाला? बसा." परत आल्या की पर्स कपाटात वरच्या फळीवर ठेवायच्या. मास्तरांचा हात तिथं पोचत होता. त्यांनी लावला नाही.

आणि एका दुपारी, भांडी घासून, हात पदराला पुसून त्या समोर येऊन बसल्या.

"कागद आना."

"कशाला?"

"लोणचं मुरलं."

"पेन्सिली नाहीत," ते म्हणाले.

"माळ्यावर हायत. डबा मी बघितलाय."

"शकू, आज नको. डोळे दुखतायत माझे."

"बरं. उद्या."

उद्या मास्तरांना आठवलं की गॅसचा नंबर लावायचाय. परवा त्यांचा चष्मा सापडेना. तेरवा ते पहाटेच उठून स्टेशनवर जाऊन बसले आणि जेवायच्या वेळेला परत आले. शकुंतलाबाई रोज दुपारी त्याच जागी येऊन बसायच्या, थोड्या जास्त वाळलेल्या. आणि पेठेला तर नाकं किती लांब असतात! खालून जाणारी माणसं आवाज खाली करून जाऊ लागली. बसूनं दुकानासमोर वाळत घातलेले फ्लेक्स आत घेतले. गेल्या कित्येक दिवसांत त्यानं "सर, नवीन कोण" असं विचारलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी मास्तर भडकले. आयुष्यात पहिल्यांदाच भडकले असावेत, कारण ते त्यांना नीट जमलं नाही. आवाज मध्येच फाटला.

"मी नाही काढणार! कळत कसं नाही तुला? सगळी पेठ बोलते. ज्याचं काढलं तो गेला! मायाप्पा गेला, गुरुसिद्धप्पा गेले, कोष्ट्याची आजी गेली. त्या वच्छलाआत्या तर नुसत्या दाराशी गेलो तर गेल्या. माझ्या हातालाच काहीतरी आहे, शकू. तुझं मी काढणार नाही."

शकुंतलाबाईंनी त्यांना सगळं बोलू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"हाताला काय झालंय तुमच्या? मीच पाठवत व्हते की तुम्हाला."

मास्तरांनी उचललेला तांब्या खाली ठेवला.

"मायाप्पाकडं पाठवलं ते काय मनात धरून न्हवतं. पन तुम्ही येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी सुई द्यायला गेले, तर म्हातारा म्हनला, बाई, लई वर्सांनी मला कुनी काय इचारलं. न्हाईतर समदी येत्यात आन् दोनच गोष्टी इचारत्यात. गोळी घेतली का, आन् संडासला झाली का. तवापासनं ज्याला डॉक्टर घरी घेऊन जावा म्हनले, त्याच्याकडं मी तुम्हाला पाठवायला लागले. जायच्या आधी मानसाला कुनीतरी त्याला येतंय ते इचारावं. वच्छलाआत्यांना तर मी तुम्हाला पाठवते म्हनून कबूल केलं व्हतं. त्या चेतनीनं दार लावलं."

"मग मला सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं लोक..."

"तुम्हाला तोंडावर काय लपवता येतं का? तुम्ही त्यांच्यासमोर बसून रडला असता. आन् त्यांना कळलं असतं."

खरं होतं. मास्तरांचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी.

मग मास्तरांना जे समजायचं ते समजलं. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीकडं बघितलं.

"मग तू आता का देतेस?"

शकुंतलाबाईंनी माळ्याकडं बोट दाखवलं. मास्तर उठले, स्टुलावर चढले, माळ्यावरचा डबा काढला. पेन्सिलीला टोक करताना ती दोनदा मोडली.

"सांग," ते म्हणाले.

"मुराळी."

मास्तरांनी लिहिलं. "अर्थ?"

"सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो. आमच्याकडं नागपंचमीला यायचा. माझा सयाजीदादा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केमवरनं गाडीनं आला व्हता, तुम्हाला आठवत नसंल, तुम्ही शाळेत व्हता. दारात उभा ऱ्हायला. बस म्हनलं तर बसंना, पानी घे म्हनलं तर घेईना. नुसता म्हनला, चल. मी म्हनलं, अरं भाकरी तव्यावर हाय. तर म्हनला, राहू दे की ती. कुनीतरी उलटील."

सयाजीदादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते दोघांनाही माहीत होतं.

मास्तर वाट बघत होते. शब्द सांगताना प्रत्येकानं डोळे मिटले होते. हिचे कधी मिटतात आणि आपण कधी काढतो, म्हणून पेन्सिल धरून बसले होते. पण शकुंतलाबाई टक लावून त्यांच्याकडंच बघत होत्या.

"डोळे मीट की," ते म्हणाले.

"का? मला काय आठवावं लागत न्हाय. काढा हाय तसं. आन् नाक नीट काढा, त्या कोष्ट्याच्या आजीचं वाकडं काढलंय तुम्ही."

मास्तरांनी काढलं. ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून दाराबाहेर गेलं, तरी ते काढतच होते. खोडरबर त्यांनी कितीदा वापरलं असेल! शेवटी शकुंतलाबाईंनीच कागद ओढून घेतला, हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "बरी दिसते की." मग त्या उठून चहा टाकायला गेल्या.

पंचमी लांब होती तेव्हाच त्या गेल्या. मास्तर स्वतः चित्र घेऊन बसूच्या दुकानात गेले. बसूनं ते बघितलं, आणि कापड कापायला घेतलं. चौकात तो फ्लेक्स लागला तेव्हा येणारे-जाणारे थबकले. इतक्या वर्षांत मास्तरांच्या हातचा हा पहिलाच चेहरा असा होता जो रस्त्याकडं बघत होता. गुंडानं त्या दिवशी चहाबरोबर कुणालाही काही सांगितलं नाही.

शब्द दिल्यामुळं कुणी मेलं नाही. पेठेतल्या आजारी माणसांना इंजेक्शन द्यायला शकुंतलाबाई जायच्या. डॉक्टरांनी ज्यांची आशा सोडली होती, त्यांच्याकडं त्या नवऱ्याला पाठवायच्या. स्वतःचा रिपोर्ट त्यांनी माघातच वाचला होता.